चाकं काय बोलतात

आवाजांना नावं द्यावीत तर मराठीनंच. जातं घरघरतं, खाट कुरकुरते, दार करकरतं, भांडी खणखणतात, वाळलेली पानं सळसळतात. घरघर वेगळी आणि खरखर वेगळी, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या घरात उर्दू बोलली जाते आणि कविता मी मराठीत लिहितो. दोन्ही भाषांवर माझा जीव आहे, पण या एका बाबतीत मराठीचं पारडं जड आहे, हे मी घरातही सांगतो. कवींनी हे शब्द कवितेत वापरून वापरून थोडे गुळगुळीत केले. ते आजही कामाला जुंपलेले दिसतात ते मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या दुकानात. तिथं शब्द चुकला तर भलताच भाग बदलला जातो आणि पैसे पाण्यात जातात.

आज मला बोलायचं आहे ते गाडीच्या चाकातून येणाऱ्या एका आवाजाबद्दल, आणि त्या आवाजाला इतिहास कसा आहे त्याबद्दल. तुम्ही म्हणाल, आवाजाला कसला इतिहास? सांगतो.

आमचं खापा हे कन्हान नदीकाठचं गाव. नागपूरपासून उत्तरेला पस्तीसेक किलोमीटर, सावनेर तालुक्यात. ब्रिटिशांच्या काळापासून नगरपालिका असलेलं, पण बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसलेलं. दोन गोष्टींसाठी ते ओळखलं जायचं. एक, कोष्ट्यांचे हातमाग. आणि दुसरी, जवळच्या गुमगावची मँगनीजची खाण. शेती होतीच. शेती म्हटली की बंडी आली. पश्चिम महाराष्ट्रात जिला बैलगाडी म्हणतात तिला आमच्याकडे बंडी म्हणतात. प्रत्येक बंडीच्या खाली वंगणाचं एक नळकांडं लटकलेलं असायचं. चाक बोलायला लागलं की बंडी उभी करायची, तेलात भिजलेली चिंधी काढायची आणि आसाला फासायची. लोखंडी आसाभोवती लाकडाचा तुंबा फिरतो, दोघांच्या मध्ये तेलाचा एक पातळ थर, आणि तो थर संपला की कर्र-कर्र. सगळ्या यंत्रशास्त्राचं मूळ त्या चिंधीत होतं असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी होणार नाही. दोन कठीण वस्तू एकमेकींवर घासू द्यायच्या नाहीत, त्यांच्यामध्ये काहीतरी मऊ किंवा काहीतरी गोल ठेवायचं, एवढ्याच खटपटीत माणसाची हजारो वर्षं गेली आहेत.

खाणीचं म्हणाल तर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. एल. एल. फर्मोर या भूशास्त्रज्ञानं हा सगळा मुलूख पालथा घातला आणि १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला. इथल्या एका खडकाला त्यानं गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिलं, ते आजही जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकात आहे. १९६२ मध्ये या खाणी चालवण्यासाठी जी कंपनी उभी राहिली ती आजची मॉइल. हे मँगनीज जातं कुठं? बहुतेक सारं पोलादात. पोलादातल्या गंधकाचा उपद्रव ते काढून टाकतं आणि पोलादाला चिवटपणा देतं. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डनं १८८२ मध्ये पोलादात बारा-तेरा टक्के मँगनीज घालून पाहिलं, तर असा धातू तयार झाला की जितका ठोकावा तितका तो वरून कठीण होत जातो. दगड फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे आणि रेल्वेच्या रुळांचे सांधे त्याचे करतात. गाडीच्या बेअरिंगच्या पोलादातही मँगनीज असतं, अगदी थोडं, भाजीतल्या मिठाएवढं. म्हणजे गाडीच्या चाकातून जो आवाज येतो, त्यात आमच्या मातीचाही एखादा कण असू शकतो. खाप्याच्या माणसाला एवढा अभिमान बाळगायला हरकत नसावी.

आता बंडीवरून जीपवर येऊ, कारण आजची घराघरातली मोठी गाडी, जिला आपण एसयूव्ही म्हणतो, तिची आजी जीप आहे.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या लष्करानं एक छोटी, हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी मागितली. पहिला नमुना द्यायला मुदत होती अवघी ४९ दिवसांची. बँटम नावाच्या एका लहान, डबघाईला आलेल्या कंपनीनं तो २३ सप्टेंबर १९४० ला नेऊन उभा केला. काम मात्र मोठ्यांना मिळालं, विलिस आणि फोर्ड यांना. असं जगात नेहमीच होतं. युद्ध संपताना जीप जगभर पोचली होती.

आपल्याकडे तिचं बस्तान बसवलं ते २ ऑक्टोबर १९४५ ला स्थापन झालेल्या एका कंपनीनं. या कंपनीचं मूळ नाव आज फार थोड्यांना आठवतं. ते होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद'. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे दोन महिंद्रा बंधू आणि तिसरे मलिक गुलाम मोहम्मद. पहिला धंदा पोलादाचा होता. मग फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं. मोहम्मदच्या जागी आणखी एक महिंद्रा आला. 'एम अँड एम' ही आद्याक्षरं छापलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून तसं केलं, असं सांगतात. त्या काळात कितीतरी घरांच्या, दुकानांच्या, पेढ्यांच्या पाट्या बदलल्या. त्यांपैकी ही एक. पण मला या गोष्टीतलं एक वेगळंच वाटतं. पाटी बदलली, तरी दोन्ही 'एम'च्या मधला 'अँड' तसाच राहिला. व्याकरणात त्याला उभयान्वयी अव्यय म्हणतात. बी. ए. ला ते पाठ करताना त्याची किंमत कळत नाही.

सुरुवातीला ७५ गाड्यांचे सुटे भाग अमेरिकेहून आले आणि ते इथं जोडले गेले. पुढं हळूहळू एकेक भाग इथंच बनू लागला. माझ्या लहानपणी, म्हणजे १९७५-८० च्या सुमारास, गावात जीप आली की ती सरकारची तरी असायची नाहीतर निवडणुकीची तरी. तहसीलदार, हिवतापवाले, खाणीचे साहेब. जीप येते आहे हे दिसण्याआधी ऐकू यायचं, कारण तिचे गिअर गात असत. त्या जुन्या जीपच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. सिंक्रोमेश म्हणजे दोन दातेरी चक्रं एकमेकांत जाण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी सोय. ती १९२८ मध्ये कॅडिलॅक गाडीत पहिल्यांदा आली, पण जीपच्या पहिल्या गिअरपर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागला. त्यामुळे नवशिक्या ड्रायव्हरनं चालत्या गाडीत पहिला गिअर टाकला की कर्रर्र असा आवाज व्हायचा आणि शेजारी बसलेला जुना ड्रायव्हर कपाळावर हात मारायचा. 'डबल क्लच मार' हे शब्द मी इंग्रजी शाळेत शिकण्याआधी ऐकले आहेत.

नंतर आल्या काळीपिवळ्या. पूर्व विदर्भातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. जीपचेच लांबट अवतार, कमांडर नाहीतर ट्रॅक्स. अंगावर काळा-पिवळा रंग, आत नऊची जागा आणि बसलेले चौदा, मागं लटकलेले आणखी तीन. एसटी चुकलेल्या माणसाला ती गाडी म्हणजे देवदूत. कॉलेजात असताना मी हिच्यात बसून सावनेरला गेलो आहे, एका पायावर उभा राहूनही गेलो आहे. मग काळ बदलला. १९९३ मध्ये आर्माडा आली, १९९४ मध्ये पुण्याहून सुमो आली. सुमो हे नाव जपानी पहिलवानावरून नव्हे तर टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावातल्या 'सु' आणि 'मू' वरून ठेवलं असं म्हणतात. २००० मध्ये बोलेरो, २००२ मध्ये नाशिकची स्कॉर्पिओ. जीप सरकारी दारातून निघून मध्यमवर्गाच्या अंगणात आली. लग्नाच्या वरातीला, ताजुद्दीन बाबांच्या उर्सला, पंढरपूरला, मुलीला सासरी पोचवायला, सगळीकडे एकच गाडी आणि तिच्यात सगळं खानदान.

आमच्याही घरात अशी एक मोठी गाडी आहे. जुनी, सात माणसांची. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढं जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या गाडीला झालं असतं. ती घेतली होती हौसेनं, पण दोन वर्षांपासून ती हौसेची राहिलेली नाही. माझ्या अम्मींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नागपूरला न्यावं लागतं. मंगळवारी आणि शुक्रवारी, पहाटे पाचला. मागच्या पावसाळ्यानंतर या गाडीतून आवाज यायला लागला. सुरुवातीला वाटलं रस्ता खराब असेल. मग तो चांगल्या रस्त्यावरही यायला लागला. वेग चाळीसच्या वर गेला की खालून, कुठून तरी, दळण दळल्यासारखा. अम्मी मागच्या सीटवर आडव्या झालेल्या असायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "बेटा, कोई चक्की पीस रहा है नीचे." त्यांनी जात्यावर आयुष्य काढलं आहे, त्यांना कळणारच.

शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. काचेचं ऑफिस, गळ्यात पट्टे अडकवलेली तरुण मुलं, संगणकावर छापलेला कागद. त्यांनी ब्रेकचे पॅड बदलले. आवाज गेला नाही. पुन्हा नेली तर म्हणाले टायर खराब झालेत, चारही बदला. तो खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच घेऊन खाप्याला आलो आणि आमच्या मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्री वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. कोष्ट्याच्या घरातले. त्यांचे वडील मागावर बसायचे. मिस्त्री सांगतात की लहानपणी ते मागाशेजारीच झोपायचे. धोटा इकडून तिकडं गेला की खट, फणी आपटली की धप. झोपेतसुद्धा तो ठेका चुकला की त्यांना जाग यायची, म्हणजे कुठंतरी धागा तुटला. पुढं माग बंद पडले, तसे ते सावनेरला एका गॅरेजात पाने पुसायला लागले. तो तयार कान त्यांनी तिकडून इकडं आणला.

त्यांनी बॉनेट उघडलं नाही. आधी मला विचारलं, "भाऊ, आवाज कसा येते ते सांगा ना जी. घरघर, करकर, का घूं?"

मी म्हणालो, "घरघर. आणि वेग वाढला की घूंकडे झुकते."

"ब्रेक दाबला का बदलते?"

"नाही."

"मंग पॅड काहून बदलले त्यायनं?"

या प्रश्नावर जरा थांबू या. ब्रेकच्या आवाजाचाही एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगरात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं पाहिलं की उतारावर गाडीवान आपल्या घोडागाडीचं चाक आवरायला ब्रेकच्या लाकडाला जुन्या बुटाचं चामडं लावतात. लाकडापेक्षा चामडं बरं धरतं आणि आवाज कमी करतं. त्यावरून १८९७ मध्ये त्यानं घर्षणाच्या वस्तूंवर काम सुरू केलं आणि 'फेरोडो' ही ब्रेक लायनिंगची कंपनी उभी राहिली. फ्रूड या नावाची अक्षरं उलटसुलट करून त्यात एक 'ई' घातला की फेरोडो होतं. पुढे या अस्तरांत ॲस्बेस्टॉस आलं, त्यानं ब्रेक चांगले केले आणि कामगारांची फुप्फुसं खराब केली. युरोपीय संघानं २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आणली. मिस्त्री आजही ब्रेकवरची धूळ हवेच्या पाइपानं उडवत नाहीत, ओल्या फडक्यानं पुसतात, आणि हाताखालच्या पोरानं फुंकर मारली तर त्याच्या पाठीत धपाटा बसतो. तर सांगायची गोष्ट ही, की आजच्या पुष्कळ गाड्यांच्या पॅडमध्ये पत्र्याची एक बारीक जीभ मुद्दाम ठेवलेली असते. पॅड झिजत आला की ती जीभ डिस्कला लागते आणि किंचाळते. तो आवाज बिघाडाचा नाही, बिघाड होण्याआधीचा. तेव्हा दुर्लक्ष केलं तर मग लोखंडावर लोखंड घासतं आणि खरी खरखर सुरू होते. पण ही सगळी ओरड ब्रेकच्या पायाशी बांधलेली असते. पाय ठेवला की वाढते किंवा बदलते. आमचा आवाज ब्रेकला ओळखतच नव्हता.

मग मिस्त्री शेजारी बसले आणि म्हणाले, चला. आम्ही पाटणसावंगीच्या दिशेनं निघालो. आधी त्यांनी गाडी जागच्या जागी उभी ठेवून रेस द्यायला लावली. आवाज नाही, म्हणजे इंजिन सुटलं. मग पन्नासच्या वेगाला गाडी न्यूट्रल करायला लावली. इंजिन शांत झालं, आवाज तसाच. म्हणजे तो इंजिनाच्या नव्हे, चाकांच्या फेऱ्यांवर चालतो. मग रेस देऊन पाहिली, सोडून पाहिली. डिफ्रन्शियलचे दाते घासत असतील तर जोर लागताना एक सूर निघतो आणि जोर सोडल्यावर दुसरा. इथं सूर बदलला नाही. मग डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या तुकड्यावर गेलो. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. आमचा बदलला नाही. चार टायरांचे पैसे तिथंच वाचले.

शेवटी मोकळा रस्ता बघून ते म्हणाले, "आता गाडी हळूच डावीकडं-उजवीकडं डोलवा, जशी नाव डोलते." डावीकडं वळवली की आवाज दबायचा. उजवीकडं वळवली की मोठा व्हायचा. दोनदा केलं, तीनदा केलं. मिस्त्री मागं टेकून बसले. "समोरचं डावं चाक. उजवीकडं वळलं का सारा बोजा डाव्यावर येते. बोजा आला का रडते. बेरिंग हाय."

वीस मिनिटं, आणि एकही पाना न लावता.

पॅरिसमध्ये १८१६ साली लेनेक नावाच्या डॉक्टरनं कागदाची गुंडाळी करून एका बाईच्या छातीला लावली आणि हृदयाचे ठोके कानापेक्षा स्पष्ट ऐकले. त्यातून स्टेथोस्कोप निघाला. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की ऐकलेल्या आवाजांना तो नावं देत बसला. न्यूमोनियात फुप्फुसातून येणारा बारीक आवाज कसा, तर भांड्यात मीठ तापवल्यावर ते तडतडतं तसा. १८१९ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि डॉक्टर लोक ऐकायला शिकले. उपमा दिल्याशिवाय आवाज दुसऱ्याला देता येत नाही. आमचे मिस्त्री लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावून त्याची मूठ कानाशी धरतात तेव्हा लेनेकचंच काम करत असतात, आणि घरघर-करकर विचारतात तेव्हाही.

दुकानात आल्यावर चाकाखाली जॅक लावला. चाक हातानं फिरवलं आणि दुसरा हात मिस्त्रींनी स्प्रिंगवर ठेवला. मलाही ठेवायला सांगितला. कानाला काहीच ऐकू येत नव्हतं, पण बोटांना बारीक थरथर लागत होती, वाळूवरून पाटा ओढावा तशी. मग चाकाला वर आणि खाली धरून हलवलं, तर किंचित खडखड. चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर बाजूला तारेनं टांगला (त्याला रबरी नळीवर लटकू द्यायचं नाही, हेही त्या पोराला धपाट्यासकट शिकवलं), नट सोडला आणि हब बाहेर आला. आतलं ग्रीस मधासारखं हवं, ते दुधाच्या चहासारखं झालेलं होतं. पाणी गेलं होतं. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असताना आमच्या भागात गाड्या जातातच. मागचं रबरी सील कडेला झिजलेलं, त्यातून पाणी आणि नदीची बारीक रेती आत. मिस्त्रींनी बेअरिंगची बाहेरची कटोरी पुसून उन्हात धरली. आरशासारख्या गुळगुळीत पट्टीवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले होते. प्रत्येक रोलर प्रत्येक खड्ड्यावरून जाताना जो हादरा बसतो, तो सेकंदाला शेकडो वेळा. तीच अम्मींची चक्की.

असं बेअरिंग किती दिवस चाललं असतं? मिस्त्री म्हणाले, महिना चाललं असतं किंवा उद्या पहाटे जाम झालं असतं. जाम झालं की तापतं, तापलं की आसावर चिकटतं आणि मग चाक आपल्या मनानं वागतं. पहाटे पाचला, नागपूरच्या रस्त्यावर, कोळशाच्या ट्रकांच्या रांगेत. मी काही बोललो नाही.

ते बेअरिंग कसं असतं तेही सांगतो, कारण त्याची जन्मकथा मोठी छान आहे. त्यात गोळ्या नसतात, एका टोकाला निमुळते होत गेलेले रोलर असतात, कापलेल्या गाजराच्या तुकड्यांसारखे. हे काढलं हेन्री टिमकेन या माणसानं. जर्मनीत जन्मला, अमेरिकेत सेंट लुईसला घोडागाड्या बनवायचा. त्याच्या लक्षात आलं की गाडी सरळ जाते तेव्हा चाकावर वरून भार येतो, पण वळते तेव्हा बाजूनंही धक्का बसतो आणि आस तिथंच मार खातो. दोन्ही भार एकदम झेलायचे तर रोलर तिरपे हवेत. १८९८ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. म्हणजे वळणावर आवाज वाढला म्हणून मिस्त्रींनी जे ओळखलं, तेच एका गाडीवाल्यानं सव्वाशे वर्षांपूर्वी वळणावर पाहिलं होतं. पुढे टिमकेनचा कारखाना टाटांच्या भागीदारीत जमशेदपूरलाही आला.

गोळ्यांच्या बेअरिंगची गोष्ट तर खाप्याच्या माणसाला आणखी जवळची. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनिअर होता. त्या काळच्या गिरण्यांत छताखालून एक लांबच लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून पट्टे खाली येऊन यंत्रं फिरवायची. नागपूरला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, ती याच शाफ्ट-पट्ट्यांच्या युगातली. आज तिथं मॉल आहे. गोथेनबर्गची गिरणी चिकणमातीवर उभी होती. जमीन सरकायची, शाफ्ट वाकडा व्हायचा, बेअरिंगं घरघर करत फुटायची आणि गिरणी बंद पडायची. जमीन तर सरळ करता येत नाही. विंगक्विस्टनं १९०७ मध्ये असं बेअरिंग काढलं की शाफ्ट थोडा वाकडा झाला तरी ते स्वतःच त्याच्याशी जुळवून घेतं. त्यावर एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. तिनंच पुढं व्होल्वो मोटारीला जन्म दिला, आणि १९६० च्या दशकात आपल्या चिंचवडला तिचा कारखाना आला. विणकरांच्या गिरणीतली घरघर ऐकून जगाची चाकं सुधारली. हे मी मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "मंग आमच्या बापाचाच धंदा होता म्हणा ना."

नवीन बेअरिंगचा जोड सावनेरहून आणला. आतलं आणि बाहेरचं दोन्ही, कटोऱ्यांसकट. जुन्या कटोरीत नवीन रोलर घालणं म्हणजे नवीन जोड्यात जुना खडा ठेवणं. पितळेच्या सळईनं गोल गोल हलके ठोके देत कटोरी बसवली. लोखंडाची सळई वापरली तर ओरखडा पडतो. ग्रीस तळहातावर घेऊन ते रोलरांच्या मधून दुसऱ्या बाजूला बाहेर येईपर्यंत दाबून भरलं. नवं सील लावलं. मग सगळ्यात नाजूक काम. नट आवळायचा, आवळताना चाक फिरवत राहायचं म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात, आणि मग तो थोडा सैल सोडायचा. फार आवळला तर तापून जळेल, फार सैल राहिला तर खडखडेल. त्या दोघांच्या मध्ये कुठं थांबायचं हे पुस्तकात आकड्यानं दिलेलं असतं. मिस्त्री पुस्तकही बघतात आणि मग मनगटालाही विचारतात. स्प्लिट पिन घातली, टोकं वाकवली, टोपी ठोकली. उजव्या चाकाचं हब उघडून तेही पाहिलं. ते ठीक होतं, नुसतं ग्रीस बदललं.

आवाज गेला. गेला म्हणजे असा गेला की दहा किलोमीटर आम्ही दोघं गप्प बसून तो शोधत होतो.

मिस्त्रींची एक चिंता मात्र आवाजाबरोबर गेलेली नाही. आताच्या बहुतेक नव्या गाड्यांत चाकाचं बेअरिंग बंद डबीत येतं. ते उघडायचं नाही, ग्रीस भरायचं नाही; खराब झालं की आख्खा हब बदलायचा. सील पक्कं असतं, जास्त टिकतं, हे ते स्वतःच मान्य करतात. नट किती सैल सोडायचा हे जाणणाऱ्या मनगटाला तिथं काम उरत नाही. कानाला मात्र उरतं. विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्यावर तर ते वाढलंच आहे, कारण इंजिनाचा आवाज नाहीसा झाला की चाकांची बारीकशी घरघरही उघडी पडते. त्यांच्या हाताखालचा पोरगा आयटीआय झालेला आहे, त्याच्याकडे गाडीला जोडायचं स्कॅनरचं यंत्र आहे आणि ते तो छान चालवतो. मिस्त्रींनी त्याला आता एक काम लावलं आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गाडीत बसून फेरी मारायची आणि परत आल्यावर आवाज तोंडानं काढून दाखवायचा. परवा मी गेलो तेव्हा तो एका ट्रॅक्टर-ट्रॉलीचा आवाज काढत होता. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. "घरघर नोको म्हणू," ते म्हणाले, "ते खरखर हाय. पुन्हा जा."